जिजीची कुलपं

ज्याच्या पोटात गोष्ट राहते असं माणूस अख्ख्या बऱ्हाणपुरात मी एकच पाहिलं, आणि ते म्हणजे आमच्या ऑफिसातली जिजी. जिजी म्हणजे थोरली बहीण. ती आमच्यापैकी कुणाचीच बहीण नव्हती, पण साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला जिजीच म्हणत. गावातल्या शनवारा भागात केळीची रोपं विकणारं आमचं ऑफिस होतं आणि शेतकऱ्यांच्या मेलांना उत्तरं देणं हे जिजीचं काम. ती नुसतं रोपांचं लिहून थांबत नसे, सासऱ्याचा गुडघा, पोरीची परीक्षा, सगळं विचारत असे. मग शेतकरीही मनातलं लिहून मोकळे होत. त्यातलं ‘रोपं किती पाहिजेत’ एवढंच जिजी आम्हाला सांगायची. बाकीचं तिच्या पोटात जायचं, ते गेलंच.

मेल लिहिताना ती एका हाताने टाइप करी आणि दुसरा हात स्क्रीनला आडवा धरी, परीक्षेत हुशार पोरगी धरते तसा. डब्यात काय आणलंय विचारलं तर म्हणे, "खाशील तवा समजेल ना तुले!" एकदा गोदामातल्या पोऱ्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याने रडत रडत आधी जिजीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी इतवारा भागात बोभाटा झाला, तो त्याच्या सख्ख्या काकूने केलेला. जिजी मात्र सगळ्यांदेखत त्याला विचारते, "काय भाऊ, बरं चाललंय ना?" चेहऱ्यावर रेघ म्हणून हलली नाही. डोईफोडिया गावच्या एका शेतकऱ्याचा मेल आला तेव्हा साहेबांनी एकदा सहज विचारलं, "जिजी, उस डोईफोडियावाले ने और क्या लिखा है?" तर ही शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमच्यासाठी असतं तर तुम्हालेच लिहिलं नसतं का त्याने?" साहेबांनी गुपचूप चहा मागवला.

मग ती जोडणीची वर्षं आली. इंदूरच्या मोठ्या ऑफिसाने सगळ्या गावांची ऑफिसं एकाच ईमेल प्रोग्रॅमला जोडली. सगळ्यांचे शेतकरी आणि ऑफिसचे लोकही एका सामायिक यादीत आले. यादीतल्या नावावर क्लिक केलं की त्या माणसाला कुणी, कधी, काय लिहिलं ते सगळ्या ऑफिसांना दिसायचं. नावाखाली टिपण लिहायचीही सोय होती. सगळ्यांचं दिसू लागलं. जिजीच्या शेतकऱ्यांखाली मात्र एकच ओळ यायची, ‘कोई गतिविधि नहीं’, म्हणजे काही कामच झालेलं नाही. इंदूरहून पत्र आलं की महिनाअखेर ज्यांच्या नावावर काम दिसणार नाही, त्यांना इंदूरला बोलावून घेतलं जाईल. जिजीच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन ही तिला भरवून यायची. इंदूरला जायचं म्हणजे नोकरीच सोडायची.

ऑफिसातले कॉम्प्युटर बघणारा मी. हे पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. अहो, सगळ्यांत जास्त राबणारी बाई, आणि तिचंच काम दिसत नाही म्हणे! आठ दिवस मी इंदूरच्या मदतवाल्याला फोन लावत होतो. त्याचा मंत्र एकच, "अरे भिया, लॉगआउट करके वापस लॉगिन करो ना." मी लॉगआउट केलं, लॉगिन केलं, प्रोग्रॅम काढून परत टाकला, वायर बदलली, शेवटी वैतागून स्क्रीनला उदबत्तीसुद्धा ओवाळली. नवव्या दिवशी जिजी जेवायला घरी गेली असताना तिच्या खुर्चीवर बसलो, यादी उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. प्रत्येक नावापुढे एक बारीक कुलूप होतं. ‘खाजगी’ची खूण! एकेका शेतकऱ्याला, न कंटाळता, हाताने केलेली.

"जिजी, ही कुलपं तू लावलीस?" ती आल्या आल्या मी विचारलं.

"मग! तूच तर दाखवलं होतं, हे दाबलं की दुसऱ्याले दिसत नाही."

"अगं, मग तुझं काम तरी कुणाला दिसणार? नोकरी जाईल ना, बाई!"

"गेली तर गेली. लोकायचं पत्र उघडं टाकू का मी?"

मग त्या दिवशी तिने पहिल्यांदा स्वतःचं काही सांगितलं. डोईफोडिया हे तिचं माहेर. लहानपणी आळीत वाचता येणारी ती एकटीच पोर, त्यामुळे कुणाचंही पत्र आलं की बायका तिलाच हाक मारत. आईची ताकीद होती : वाचायचं, कागद परत द्यायचा आणि उंबरा ओलांडताना विसरून जायचं. एकदाच तिने कुणाच्या तरी पत्रातलं मैत्रिणीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते विहिरीवर पोचलं आणि त्या घरची सून आठ दिवस पाण्याला बाहेर पडली नाही. सांगताना जिजीचे डोळे भरले.

"बरं, मग त्यांनाच विचार," शेवटी मी म्हणालो. प्रोग्रॅममधूनच फोन लावायचा कसा तेही दाखवलं आणि पस्तावलो. कारण जिजीने खरंच एकेकाला विचारायला सुरुवात केली. "राम राम भाऊ, तुमचे मेल इंदूरचे लोक वाचतील म्हणतात. चालेल का?" एक म्हणाला, "वाचू द्या ना, खताचंच तर हाय." दुसरा म्हणाला, "बाकी वाचा म्हणा, भावाच्या भांडणाचं नको." बहुतेकांनी नाहीच म्हटलं. तरी एकेक फोन वीस-वीस मिनिटं चाले, कारण गुडघा विचारल्याशिवाय जिजी फोन ठेवणार कशी? महिना संपला, तरी कुलपं जवळपास तशीच.

पहिल्या तारखेला इंदूरच्या साहेबांचा फोन आला. "भाई, सबसे ज़्यादा गतिविधि तो बुरहानपुर की है!" मी यादी उघडून पाहिली. कुलूप फक्त मेल आणि टिपणं झाकत होतं; फोनचं आतलं बोलणं नव्हे, पण कुणी, कुणाला, किती वेळ फोन केला हे तो प्रोग्रॅम आपोआप लिहीत होता, आणि माझ्या हे ध्यानातच नव्हतं. जिजीच्या प्रत्येक नावाखाली भरगच्च नोंदी! बदली टळली. जिजी म्हणाली, "पाहा, विचारल्याने काही जात नाही," आणि सासूला भरवायला निघून गेली.

मागच्या वर्षी ती निवृत्त झाली. सामायिक यादीतला तिचा वाटा माझ्याकडे आला, आणि तो ज्याच्याकडे येतो त्याला तिने लावलेली सगळी कुलपं उघडता येतात. शेतकऱ्यांची मी उघडली नाहीत. पण ऑफिसच्या लोकांत तिने टिपणं लिहिलेलं एक माझंच नाव होतं, त्यालाही कुलूप. राहवेना, म्हणून तिला फोन लावला.

"तुझ्याच नावाचं हाय ना? मग वाच. पण वाचून विसरून जाय, भाऊ."

आत तीनच टिपणं होती, मी एकटा खोली घेऊन राहत होतो तेव्हाची. ‘आज डबा नाही. भाकर दिली, काही विचारलं नाही.’ ‘आईचं बरं नसावं याच्या. आपण होऊन सांगेल तेव्हा ऐकू.’ ‘आज सांगितलं. फार रडला. कोणाला कळू द्यायचं नाही.’

आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी मी रडलो होतो हे ऑफिसात आजही कुणाला ठाऊक नाही. मी कुलूप परत लावून टाकलं. विसरून जाय म्हणाली होती. तेवढं एक मला अजून जमलेलं नाही.