मांजरांच्या रोगावरचं माझं व्याख्यान

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. आमच्याकडे एक इंग्रजी विज्ञान-मासिक बोटीनं यायचं, दोन-तीन महिने शिळं. माझ्याखेरीज ते कोणी उघडत नसे, त्यामुळे त्यातलं ज्ञान माझ्याच मालकीचं आहे असं मला वाटू लागलं होतं.

त्यात एकदा मांजरांच्या ल्युकेमियावर लेख आला. मांजरांना हा रक्ताचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो, बहुधा लाळेतून. एका घरातली मांजरं एकामागून एक आजारी पडलेली संशोधकांनी पाहिली होती. मी लगेच वाचनालयात व्याख्यान ठेवलं आणि फळ्यावर ठळक अक्षरांत विषय लिहिला, ‘मांजर आणि रक्ताचा कॅन्सर’.

आमच्या शेजारचे नाना तिसऱ्या रांगेत येऊन बसले. त्यांची थोरली विधवा बहीण, आमच्या सगळ्या गल्लीची अक्का, याच रोगानं अंथरुणाला खिळली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. एक करडी मांजरी दिवसभर अक्कांच्या कुशीत पडून असायची. व्याख्यानाच्या वेळी हे मला आठवलंच नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवलं होतं.

शेवटी कोणीतरी विचारलं, “सर, मांजरापासून माणसाला होतो का?”

लेखात याचं उत्तर होतं. तसा पुरावा शोधूनही सापडलेला नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं आणि तो परिच्छेद मी दोनदा वाचला होता. पण सगळे गप्प होऊन माझ्याकडे बघत होते. वर्गात अशी शांतता माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “नाकारता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दारात दिसले. हातात तोंड बांधलेली गोणी, आणि ती हलत होती. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, म्हणून आमच्याकडे नकोसं मांजर गोणीत घालून लांब नेऊन सोडतात. वाट दिसली नाही की ते परत येत नाही म्हणे. नाना साक्रीच्या गाडीला निघाले होते.

“सर, तुम्ही सांगं म्हनीसन कळनं,” ते म्हणाले. “तुमना उपकार शेतस.”

एका वाक्याचं काम होतं. पण ते बोलायचं तर काल मी भाव खाल्ला हे कबूल करणं आलं. मी म्हणालो, “जपून जा.”

चार दिवसांनी अक्कांनी मला बोलावून घेतलं. बाजेवर त्या एवढ्याशा दिसत होत्या.

“मना आजार तिले लागी जाई, आसं नाना म्हने,” त्या म्हणाल्या. “म्हनीसन मी तिले जाऊ दिधं. तिले लागना तं नही ना, सर?”

तुझ्याच मांजरीनं तुला हा रोग दिला, हे बहिणीला सांगायला नानांची जीभ रेटली नसणार. त्यांनी गोष्ट उलटी करून सांगितली होती. आणि मांजरी वाचावी म्हणून अक्कांनी ती आपल्या हातानं दिली होती. मला मान वर करवेना.

“नाही, अक्का,” मी म्हणालो. “माणसाचा मांजराला लागत नाही. मांजराचा माणसाला लागतो असंही कुठं आढळलेलं नाही.”

“मंग नानानी तिले का धाडं?”

नाना चहाचा कप घेऊन दारात उभे होते. ते रागावलेले नव्हते. मी काय सांगतो याची वाट बघत होते.

“नानांचा काहीतरी गैरसमज झाला असेल,” मी म्हणालो.

अक्का भावाकडे वळल्या. “मले खोटं का सांगं, नाना?” म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

नानांनी वाकून कप माझ्या हातात दिला. “सर, च्या ल्या.”

मी तो बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.