झोळी खाली ठेव

गळ्यात अडकवायच्या कार्डांवर सगळ्यांची नावं छापली होती. नावाखाली काम. कोड, डिझाइन, भाषांतर. माझ्या कार्डावर एकच शब्द होता. ‘स्थानिक’. माझ्यासोबत आलेल्या प्रत्येकाच्या कार्डावर तोच.

डहाणूत समुद्राजवळच्या एका चिकूवाडीत ओपन सोर्स प्रकल्पाचं संमेलन होतं. म्हणजे ॲपचा कोड सगळ्यांना खुला, काम स्वयंसेवकांचं, पगार कोणालाच नाही. ॲप रुग्णवाहिकेला पाड्याचा रस्ता दाखवतं. तलासरी आणि डहाणूच्या डोंगरपट्टीतले स्वयंसेवक मी जमवले होते. जीपवाले, पाड्यांवर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई, माझा दादा. कोणता रस्ता कोणी तपासायचा ते मी वाटून द्यायची. ॲपवर दिसणारा आमच्या भागातला प्रत्येक रस्ता या माणसांनी स्वतः जाऊन पाहिलेला आहे.

मुख्य समन्वयक मुंबईचा. दर आठवड्याच्या व्हिडिओ बैठकीत तो मला नावाने हाक मारायचा. मी त्याला कार्ड दाखवलं. तो हसला.

“अगं, छापताना घाई झाली. मनावर घेऊ नकोस. आपल्यात कोणी लहानमोठं नाही.”

त्याच्या कार्डावर नाव होतं, आडनाव होतं, खाली पदं होती. मी कार्ड गळ्यात घातलं. दुपारी माझा प्रस्ताव होता.

आमच्या बऱ्याच पाड्यांपर्यंत गाडी जात नाही. आजारी माणसाला झोळीतून आणतात. बांबूला चादर बांधायची, दोघांनी खांदा द्यायचा, डोंगर उतरायचा. झोळी कुठे उतरवायची हे पाड्याचं ठरलेलं असतं. पावसाळ्यात ती जागा बदलते. ॲपला हे माहीत नाही. ते सगळ्यात जवळची डांबरी सडक शोधतं आणि गाडी तिथे पाठवतं. गेल्या पावसाळ्यात माझ्या वहिनीची झोळी नदीच्या अलीकडे उतरली. गाडी पलीकडे उभी होती. ड्रायव्हर हात हलवत होता, तो दिसत होता. मधे पाणी. वहिनी वाचली. मूल वाचलं नाही.

प्रस्ताव एका ओळीचा होता. झोळी जिथे उतरते तिथे गाडी पाठवा. पुढचा पाऊस येण्याआधी.

नियमाप्रमाणे प्रस्ताव कोणीही मांडू शकतो. मंजुरी मुख्य गट देतो. मुख्य गटात आमच्याकडचं कोणी नाही. माझ्या प्रस्तावावर कित्येक महिने एकच शेरा होता. ‘स्थानिक बाब. नंतर पाहू.’

मी बोलले. कोणी प्रश्न विचारला नाही. मुख्य समन्वयक म्हणाला, “छान मांडलंस. पण जरा भावनिक आहे. तुम्ही माहिती आणा, काय बनवायचं ते आम्ही बघू.”

टाळ्या वाजल्या. प्रस्ताव बाजूला पडला होता आणि टाळ्या वाजत होत्या.

मग तो म्हणाला, “झोळी मात्र भारी आहे. करून दाखवता का? व्हिडिओ काढू. देणगीदारांना आवडेल.”

खोलीतून चादर आली. पांढरी, इस्त्रीची. बांबू मांडवाचा. त्यांचा एक डिझायनर गॉगल लावून झोळीत पडला. पोट धरून विव्हळू लागला. बाईच्या आवाजात. सगळे हसले. मोबाइल वर झाले.

आमच्यात धडधाकट माणूस झोळीत शिरत नाही. मुलांनाही तिच्याशी खेळू देत नाहीत.

पाहुण्याने मागितलं तर नाही म्हणायची आमच्या माणसांना सवय नाही. एका टोकाला कासा भागात जीप चालवणारे लहानूकाका. दुसऱ्या टोकाला माझा दादा. त्याने वहिनीला आणलं तेव्हाही तोच खांदा दिला होता.

लहानूकाकांनी झोळीत वाकून पाहिलं. मला विचारलं, “बाय, याला काय दुखतं?”

पुन्हा हसू. त्यांना तो विनोद वाटला. दादा हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता.

मला राग आला नाही. किळस आली. चिंबोरी सडल्यावर जशी येते तशी.

मुख्य समन्वयक माझ्या कानाशी आला. “त्यांना जरा चालून दाखवायला सांग ना. तुझं ऐकतात.”

“हो,” मी म्हणाले. “माझं ऐकतात.”

आणि मोठ्याने सांगितलं, “दादा, झोळी खाली ठेव.”

त्याने ठेवली. लहानूकाकांनी ठेवली. डिझायनर गवतात पाय पसरून बसून राहिला. आम्ही कार्डं काढली, जेवणाच्या टेबलावर टाकली आणि लहानूकाकांच्या जीपमध्ये बसलो.

कोड खुला आहे. कोणीही त्याची प्रत घेऊन वेगळं ॲप चालवू शकतं, विचारावं लागत नाही. हा नियम त्यांचाच. मी प्रत घेतली. स्वयंसेवकांना कळवलं. आमच्या भागातले सगळे इकडे आले.

मुख्य समन्वयकाचा फोन आला. “एवढ्याशा गोष्टीवरून प्रकल्प फोडतेस? परत ये. तुला मुख्य गटात घेतो.”

“आणि प्रस्ताव?”

“तो बघू गं नंतर.”

मी फोन ठेवला.

आमच्या ॲपमध्ये झोळी उतरण्याच्या जागा भरणं सुरू झालं आहे. पहिली जागा दादाने भरली. प्रस्ताव इथेही कोणीही मांडू शकतो, मुंबईचाही. मंजुरी पाड्यात बसून होईल. मत द्यायचं असेल त्याने इथे यावं. आधी झोळीखाली खांदा द्यावा, डोंगर उतरावा. मग बोलावं. तोवर त्याच्या कार्डावर काय छापलं आहे ते मी वाचणार नाही.