वकीलबाई दीर होतात तेव्हा

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहायची सवय नाही, म्हणून कुणाबद्दल लिहायचं धाडस केल्याबद्दल आधीच माफी मागतो. मोताळ्याला एका वकीलबाईंचं एका खोलीचं ऑफिस आहे. विधवा आत्याला घेऊन मी तिथे बरेचदा गेलो. नवरा वारल्यावर दिरानं तिला रोहिणखेडच्या घरातून काढून दाराला कुलूप लावलं होतं.

बाई एरवी अगदी हळू बोलतात. पण कोर्टाच्या तारखेआधी तयारी म्हणून त्या आलेल्या बाईला स्वतःच्या खुर्चीत बसवतात, काळा कोट खुंटीला लावतात आणि कमरेवर हात ठेवून तिचा दीर होतात.

"काऊन वं, घर काय तुह्या बापाचं हाय?" त्या ओरडल्या, तेव्हा दचकून मीच उभा राहिलो. आत्यानं पदर तोंडाला लावला.

"रडू नका, उत्तर द्या," बाई हळूच म्हणाल्या आणि पुन्हा ओरडल्या.

असं कितीदा तरी झालं. शेवटी आत्या ताडकन म्हणाली, "माह्या नवऱ्यानं बांधलं. बांधकामाले पाणी म्या वाह्यलं डोक्यावर. कुलूप काढ."

बाईंना इतकं हसू आलं की पुढे दीर व्हायचंच राहिलं. त्यांनी चहा मागवला.

काल आत्याचा फोन आला. "कोर्टाच्या हुकमानं कुलूप निघालं. घरातूनच बोलून राह्यली मी. दीर आला होता दारात भांडाले. वकीलबाईले सांग, त्याले काही त्यांच्यासारखं जमलं नाही."