थू मिस्त्री

आमच्या गावात वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळे थू मिस्त्री म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. कुणाचं वाईट काम दिसलं की ते थुंकत. नुसतं तोंडानं थू म्हणून भागवत नसत, खरोखर थुंकत. गालात कायम तंबाखूची गोळी, ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीपर्यंत उतरलेली तपकिरी रेघ आणि खांद्यावर एक दुपट्टा. तो दुपट्टा एके काळी पांढरा होता असं काकू, म्हणजे त्यांची बायको, शपथेवर सांगायची. त्यानंच ते घाम पुसत, ग्रीस पुसत, नाक पुसत आणि दुपारी त्यातच बांधलेली भाकरी सोडून समोरच्याला अर्धी देत. भाकरीवर पाच काळी बोटं उमटलेली असत. शी! मी एकदा नाही म्हणालो तर म्हणाले, "लोखंड हाय बे ते, घाण नोहे. खाय."

मला त्या माणसाची किळस यायची. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मला स्वतःबद्दल जे सांगायचं आहे त्यापुढं ही किळस काहीच नाही.

त्यांच्या थुंकण्यानं गावाला कितीदा तरी मान खाली घालावी लागली. नांदुऱ्याकडच्या एका लग्नात आम्ही दोघं पंगतीला बसलो होतो. वाढपी भात घेऊन आला आणि मिस्त्री पानावरून उठले. मांडवाच्या दाराशी लोखंडी कमान उभी केली होती, तिच्यापाशी गेले, वाकून जोड पाहिला आणि जवळच पचकन थुंकले. "हे जोडलं हाय का कोंबडी हागली?" नवरीचा मामा बाह्या सरसावून धावला. मिस्त्रींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कमानीखाली खेळणाऱ्या लेकरांना दंडाला धरधरून बाजूला केलं, स्वतः तिथं खुर्ची टाकून बसले आणि लग्न लागून मांडव रिकामा होईपर्यंत कुणालाही त्या कमानीला टेकू दिलं नाही. जेवण राहिलं ते राहिलंच. परत येताना मी बसमध्ये त्यांच्या शेजारी बसलो नाही, इतकी मला लाज वाटत होती.

दुकानात त्यांचे कायदे होते आणि ते कुणासाठीही बदलत नसत. पेरणीच्या घाईत माणूस वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, घेऊन यायचा, जोड लाल असतानाच त्याला शेत दिसायला लागायचं, आणि मिस्त्रींची पाठ वळली की तो तांब्याभर पाणी ओतायचा. चर्र आवाज झाला की मिस्त्री गर्रकन वळत. "बाळंतीण बाईले थंड्या पान्यानं आंघोय घालतं का बे कोनी?" मग आपणच केलेला जोड आपणच ग्राइंडरनं कापून काढत, पुन्हा पहिल्यापासून जोडत आणि त्या शहाण्याला समोरच्या लिंबाखाली बसवून ठेवत. गार झालं की मीच बोलावतो, म्हणत. दोन-दोन तास बोलावत नसत. पाणी पडलेला जोड दिसायला चांगला दिसतो, पण काचेसारखा कडक होतो आणि नेमका भर कामात मोडतो, हे मला त्या लिंबाखाली बसूनच कळलं. एकदा तो शहाणा मीच होतो.

रंगाचा त्यांना भारी तिटकारा. एका वादळात गावातली मोठमोठी झाडं आडवी झाली तेव्हा ओंडके ओढायला त्यांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचा एक चिमटा बनवला होता. ट्रॅक्टर जितका जोर लावेल तितका तो लाकडाला घट्ट चावायचा. तीन दिवसांत सगळा रस्ता मोकळा झाला. सरपंच खूश होऊन म्हणाले, मिस्त्री, याला मस्त लाल रंग मारा, पंचायतीसमोर ठेवू. मिस्त्री थुंकले. "रंग चोराले लागते, सरपंच. ज्याले झाकाचं असन त्यानं मारावा." त्यांच्या दुकानातून एकही वस्तू रंगून बाहेर पडली नाही. जोड उघडा दिसला पाहिजे, बोट फिरवून पाहता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आता माझा पराक्रम ऐका. हातात मोबाइल आला आणि मला घरच्या घरी वेल्डिंग करायचा रोग जडला. कुठल्या तरी देशातला गोरा माणूस आपल्या अंगणात लाकूड फाडायचं यंत्र बनवतो, ते पाहून मी पिंपळगाव राजा इथल्या एका माणसाकडून जुनी वेल्डिंग मशीन आणली. गोठ्याचं फाटक केलं, सायकलच्या चाकाचा कोळपणीचा डवरा केला, फवारणीच्या पंपाला गाडी केली. डवरा दुसऱ्या तासाला वाकला, पण फोटो आधीच काढून झाला होता. मिस्त्री मला तेव्हापासून इंजिनेर म्हणायला लागले. "काय इंजिनेर, आज काय बिघडवून राह्यला?" चारचौघांत असं बोलले की माझ्या अंगाची आग व्हायची. तोंडातून तंबाखूची लाळ गळणाऱ्या माणसानं मला हसावं!

म्हणून त्या वर्षी ट्रॉलीचा हूक तडकला तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो नाही. हूक म्हणजे ट्रॉलीच्या तोंडाची ती जाड कडी, जिच्यावर ट्रॅक्टर सगळी ट्रॉली ओढतो. तसंही त्यांचं दुकान बंदच होतं. एक डोळा तरुणपणीच लोखंडाची कणी जाऊन अधू झालेला, आणि चांगल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. नऊ दिवसांपूर्वी त्याचं ऑपरेशन झालं होतं. मी घरीच बसलो जोडायला. हूक मुळापासून सुटला होता आणि बोट जाईल एवढी फट पडली होती. खरं म्हणजे सगळं कापून, नवी पट्टी घालून, एकावर एक थर देत ती भरायची असते. मला ते माहीत होतं. माहीत असून मी काय केलं? सळईचा एक तुकडा त्या फटीत कोंबला, वरून वेल्डिंग फिरवलं, ग्राइंडरनं गुळगुळीत केलं आणि दोन हात निळा रंग मारला. आत सगळं पोकळ. वर मोबाइलवर स्टेटस ठेवलं. पन्नास जणांनी अंगठे दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, बाया न्यायच्या होत्या. ट्रॉलीत चौदा बाया आणि पंधरावी माझी बायको. मिस्त्रींच्या दुकानापासून रस्ता एकदम नाल्यात उतरतो, मोठा उतार आहे. मिस्त्री काळा चष्मा लावून दुकानासमोर खाटेवर बसले होते. मी त्यांच्याकडे न पाहता जाणार होतो, तेवढ्यात ते उठले आणि दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"उतरा वो सगळ्या," ते बायांना म्हणाले.

"काऊन हो मिस्त्री? उशीर होऊन राह्यला ना!"

"उतरा म्हनलं ना!"

मग माझ्याकडे वळले. "सगळी ट्रॉली गंजलेली अन् हुकालेच नवा रंग. काय झाकलं बे?"

मी म्हणालो, काही नाही, मजबूत केलाय. त्यांनी दुकानाच्या दारामागून घण आणला. पहिल्या घावाला रंगाचे टवके उडाले. दुसऱ्याला जोडाची कातडी सोलली गेली. तिसऱ्या घावाला हूक वाकडा झाला आणि माझा सळईचा तुकडा टण्णकन रस्त्यावर पडला. मिस्त्रींनी वाकून, चाचपडत तो तुकडा उचलला आणि माझ्या बायकोच्या हातात दिला. "धर माय. याच्या भरवशावर बसली होती तू."

बायकोनं त्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला माझी किळस आली होती, आणि ती मला स्पष्ट दिसली.

एखादा माणूस असता तर तिथंच पाय धरले असते. मी काय केलं? मी चिडलो. शेंगा फुटायला आल्या होत्या, आभाळ भरून येत होतं, चौदा बाया रस्त्यात उभ्या होत्या, आणि सगळ्यांपुढं माझं नाक कापलं गेलं होतं. मी म्हणालो, "मोडला ना तुम्ही? मग तुम्हीच जोडून द्या आता!"

काकू आतून धावत आली. "डाक्टरनं काय सांगलं? आगीपुढं नको, धुळीत नको, म्हयनाभर नको! बाप्पा, याले करून घेऊ द्या ना दुसऱ्या कोनाकून!"

मी म्हणालो, मीच पुन्हा करतो. मिस्त्रींनी माझा हात झटकला. "तू हात लावजो नको. पंधरा बाया हायेत."

दोन तास लागले. त्यांनी माझी सगळी घाण कापून काढली, कडा घासल्या, लोखंड गरम केलं आणि काळ्या चष्म्यावर काच धरून थरावर थर चढवायला सुरुवात केली. प्रत्येक थरावरची काळी खपली ठोकून काढायची, तारेच्या ब्रशनं घासायचं, मग पुढचा थर. दिसत नव्हतं तिथं बोटांनी अंदाज घेत होते. पाचव्या की सहाव्या थराला एक गरम खपली उडाली आणि चष्म्याच्या खालून आत गेली. ते थांबले, चष्मा काढला आणि खांद्यावरच्या त्याच दुपट्ट्यानं डोळा चोळला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. चोळू नका, एवढं तरी म्हणायला काय झालं होतं मला? मी मोबाइलमध्ये किती वाजले ते पाहत होतो.

जोड गार होईपर्यंत त्यांनी ट्रॉली हलू दिली नाही. मग स्वतः हुकावर उभे राहून दोन उड्या मारल्या आणि बायांना म्हणाले, "बसा आता." त्या दिवशी सोंगणी अर्धी झाली, उरलेली दुसऱ्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी डोळ्यात पू झाला. खामगावला नेलं, तिथून अकोल्याला. डोळा गेला. डॉक्टरांनी विचारलं, नेमकं झालं काय? मिस्त्री म्हणाले, खळ्यावर गेल्तो, कचरा गेला. जानेफळहून लेक आली, तिलाही तेच सांगितलं. काकू शेजारी उभी होती, तिनं पदर तोंडात धरला होता. त्यांनी कुणापुढंही माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी त्यांच्याशी भांडलो तरी असतो. त्या माणसानं मला तेवढीही सोय ठेवली नाही.

लेक दोघांनाही जानेफळला घेऊन गेली. दुकानातलं सामान भंगारवाल्यानं नेलं. मी माझी मशीन विकली, पण त्यात मोठेपणा काही नव्हता. ती सुरू करायचो आणि काही न जोडताच बंद करायचो. उद्या जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करत मी तीन वर्षं त्यांना भेटायला गेलो नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "मेल्यावर जासान का?"

मिस्त्री आता नाहीत. मी जानेफळला जाऊन आलो त्यानंतर दीडच महिन्यांनी ते गेले, त्यामुळे ती आमची शेवटची भेट. ओसरीत खाटेवर बसले होते, अंगात स्वच्छ बनियन. लेकीनं तंबाखू सोडवली होती, हनुवटीवर रेघ नव्हती. ते मला ओळखू येईनात. काकू मला पाहून आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. मी आवाज दिला तसं त्यांनी चटकन मान वर केली.

"इंजिनेर? बस बस. पयले सांग, हूक कसा हाय?"

मी वाटेत सगळं ठरवून आलो होतो, पायावर डोकं ठेवून काय बोलायचं ते. पण त्यांनी हूक विचारला. आणि ती ट्रॉली मी महिन्यापूर्वीच देऊन टाकली होती. नवी हायड्रॉलिक ट्रॉली घेतली, तिच्या बदल्यात जुनी दिली. घेणारा म्हणाला होता, बाकी सगळं भंगार आहे, हूक तेवढा दमदार दिसतो. मी हो म्हणून सही केली. देताना एकदाही, अगदी एकदाही माझ्या मनात आलं नाही की त्या माणसाचा डोळा त्या हुकात आहे.

"आहे ना," मी म्हणालो. "तस्साच आहे."

"तडा गिडा?"

"नाही."

"लोड भरते ना पुरा?"

"पुरा भरतो. तसूभर हलत नाही."

त्यांचा सगळा चेहरा फुलला. दोन्ही हात मांडीवर आपटून ते आत ओरडले, "आयकलं का वो माय? हाय म्हंते! तसाच हाय म्हंते!"

लेक हसत बाहेर आली. खळ्यावरच्या कचऱ्याची गोष्ट खरी मानणारी ती पोर मला म्हणाली, "दादा, बाबा रोज त्या हुकाचंच सांगतात बघा. तुम्ही आलात, फार बरं वाटलं." आणि तिनं माझ्या हातात चहाची कपबशी दिली.

मी तो चहा प्यालो. साखर बरोबर आहे का असं तिनं विचारलं, तर मी म्हणालो, चांगला झालाय.