हुतूतूचे वऱ्हाड

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या थोडे आधी मी गोंदियाजवळच्या एका मोठ्या गावात शाळामास्तर होतो. शाळेला लागून एक पटांगण होते. ते गावच्या मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे. शाळा ते फुकट वापरी. त्या हिवाळ्यात मालगुजारांनी कळवले की, पुढच्या हंगामात तिथे धानाचे खळे करायचे आहे.

शाळेचे ड्रिल मास्तर पुण्याकडचे. पटांगणातले दगड त्यांनी स्वतः वेचले होते आणि आसपासच्या तीन शाळांचे संघ हुतूतूच्या सामन्यांसाठी बोलावून ठेवले होते. ते मालगुजारांकडे विनंती करायला गेले, तेव्हा मी सोबत होतो.

मालगुजार म्हणाले, "पाहुणे खूश होऊन गेले तर पाहू."

या 'पाहू'वर ड्रिल मास्तरांनी सगळी भिस्त ठेवली. सामन्यांची त्यांना काळजी नव्हती. एक संघ जिंकणार होता, बाकीचे हरणार होते. काळजी होती ती सामन्यांनंतरच्या स्नेहमेळाव्याची. तिन्ही संघांची मुले मिसळून बसवायची, संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, मग चहा आणि चिवडा, असा बेत त्यांनी आखला. शाळेत खुर्च्या पुरेशा नव्हत्या, म्हणून संगीत खुर्चीसाठी पाट मांडायचे ठरले.

उतरण्याची आणि जेवणाची व्यवस्था मालगुजारांच्या दिवाणजींकडे होती. बेत ऐकून ते म्हणाले, "चहावर कोनी पाहुना खूश होते काय, मास्तर? ते माह्यावर सोडा." मालगुजारांच्या घरची सगळी लग्ने दिवाणजींनी पार पाडली होती. बाहेरगावची माणसे जथ्याने येतात ती कशासाठी, याचा त्यांना दुसरा अनुभव नव्हता.

सामन्यांच्या दिवशी सकाळी तिन्ही संघ बैलगाड्यांतून आले. गावाच्या शिवेवर सनई-डफडे हजर होते. संघ वाजतगाजत आत आणले गेले. प्रत्येक संघाला वऱ्हाडासारखा वेगळा जानोसा, म्हणजे उतरायला वेगळे घर मिळाले. तिथे ऊन पाणी, अंगाला तेल आणि एक न्हावी होता. ज्यांना मिसरूड फुटली नव्हती त्यांच्याही गालांना न्हाव्याने साबण लावला.

सामने दुपारपर्यंत आटोपले. ऊन उतरल्यावर ड्रिल मास्तरांनी स्नेहमेळाव्याची शिट्टी वाजवली. पाट मांडलेले होते, लिंबे आणलेली होती. कोणीही आले नाही. त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली. एक कुत्रे आले.

आम्ही पहिल्या जानोशावर गेलो. गोंदिया शहराचा संघ सतरंजीवर आडवा पडला होता. कप्तान उठून बसला, पण उभा राहिला नाही.

"मास्टरसाब, हमको तो कोई बुलाने ही नहीं आया."

"शिट्टी वाजवली ना."

"शिट्टी पे कौन बाराती आता है?"

दुसऱ्या संघाची तक्रार होती की शहरवाल्यांना सतरंजी आणि आपल्याला चटई. तिसऱ्या संघाची तक्रार नव्हती. मात्र बाकीचे दोघे रुसल्याचे कळताच त्यांच्या कप्तानाने आम्हाला बाहेर थांबवले, आत सल्लामसलत केली आणि येऊन सांगितले, "आमच्या दारापुढं सनई कमी वाजली, गुरुजी."

ड्रिल मास्तरांनी दिवाणजींना गाठले. "दिवाणजी, मुलं रुसून बसली आहेत."

"तीनही?" दिवाणजींनी समाधानाने विचारले.

"रुसायला ती काय जावई आहेत?"

"मंग वाजतगाजत काऊन आनले?"

"मी आणले? तुम्ही आणले."

"तेच म्हनतो. बराबर झालं हाय. तुमी कायले घाबरून राहिले?"

तेवढ्यात मालगुजार आले. ड्रिल मास्तरांचा चेहरा उतरला. पाहुणे खूश नाहीत, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले. मालगुजारांनी ऐकून घेतले, फेटा सारखा केला आणि जानोशांकडे निघाले. त्यांना सगळे मुलगेच होते. जन्मभर ते वरपक्षाकडून गेले होते आणि त्यांचे रुसणे तालुक्यात नावाजलेले होते.

शहरच्या कप्तानापुढे ते बसले. "पोरा, रुसला ते चांगलं केलं. पन लवकर रुसला. आता रुसलं तं आचारी भांडे झाकून ठेवते, नुकसान तुह्यंच. रुसाचं कवा? पंगत बसली, भात वाढला, तूप पडलं, का मंग."

हाच उपदेश त्यांनी तिन्ही जानोशांत केला. तिन्ही संघ तत्काळ आले. खेळांच्या पाटांवरच पंगत बसली. भात वाढला, वरण वाढले, तूप पडले आणि तिन्ही संघांनी एकदम हात मागे घेतले.

मालगुजार खुलले. प्रत्येक कप्तानापुढे वाकून त्यांनी काय पाहिजे ते विचारले. एकाने सतरंजी मागितली, एकाने बुंदीचे लाडू, एकाने सनई. सगळे मंजूर झाले. गाव भोवती उभे राहून बघत होते.

ड्रिल मास्तर इतका वेळ कडेला उभे होते. ते ओळीच्या शेवटच्या पाटावर जाऊन बसले. त्यांना भात वाढला, तूप पडले. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"तुमी कायले, मास्तर?" मालगुजारांनी विचारले. "तुमी तं आमच्याकडचे."

"मी पुण्याकडचा. या गावात पाहुणाच आहे."

"बोला मंग."

"पटांगण शाळेकडे राहू द्या."

मालगुजारांनी भोवतीच्या माणसांकडे पाहिले. पाहुणा पानावरून उठला तर ती गोष्ट पुढची कित्येक लग्ने पुरणार होती.

"भात थंडा होऊन राहिला, मास्तर."

"होऊ द्या."

"अर्धं ठेवा. अर्ध्यात खळं करतो."

"मग मी अर्धंच जेवतो."

मालगुजार हसले नाहीत. ते पूर्वी स्वतः असेच बसत असत. "घ्या," ते म्हणाले, "सगळं घ्या. पन चांगलं रुसता तुमी."

ड्रिल मास्तरांनी पहिला घास घेतला. तूप थिजले होते. त्याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही.