पदकाच्या कडेवरचे नाव

नोकरीतल्या कित्येक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. किन्हीराजा भागातले पदकाचे प्रकरण मात्र मी आजही सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगू शकतो. तेव्हा मी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो.

सकाळची हजेरी आटोपत होती. दोन भाऊ एकमेकांची गचांडी धरून आत आले. मागून त्यांची म्हातारी आई. थोरला शेती करायचा, धाकटा कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. थोरल्याचे म्हणणे असे, की आजोबांचे पदक धाकट्याने विकले आणि त्याजागी खोटे आणून ठेवले.

आजोबा पहिल्या महायुद्धात परमुलखात लढून आले होते. त्यांचे चांदीचे पदक घरात पेटीत असायचे आणि भीमजयंतीला बाबासाहेबांच्या फोटोशेजारी मांडले जायचे. यंदा ते पुसताना म्हातारीला संशय आला. पेटी माझ्यासमोर उघडून ती म्हणाली, "साहेब, हे आमचं नोय. आमच्या मेडलच्या काठाले अक्षरं होती, पुसतानी बोटाले लागत. हे तं गुळगुळीत हाय."

मी कडेवरून नख फिरवले. कुठेच अडकले नाही. अशा पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. मी म्हातारीचा जबाब नोंदवला आणि तिच्या सासऱ्यांचे पूर्ण नाव त्यात लिहून घेतले.

धाकट्याला वेगळे बसवले. तो काही बोलेना. दरडावून पाहिले, समजावून पाहिले. नुसता खाली बघत राहिला. अनेक चोर पाहिले होते. चोर काहीतरी खोटे रचून सांगतो, नाही तर दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हा दोन्ही करत नव्हता. शेवटी मी शिपायांना बाहेर पाठवले, चहा मागवला आणि विचारले, "कोणाला वाचवतोयस?"

तेव्हा त्याचे डोळे भरून आले. "आज्याचं मेडल खोटं हाय, हे मायले कोन्या तोंडानं सांगू साहेब? त्यापेक्षा मले चोर म्हना."

मग सगळे बाहेर आले. कारंज्याच्या एका लॉजवर जुन्या वस्तूंचा एक जाणकार उतरला होता. घरातली जुनी चीज आणा, किंमत फुकट सांगतो, अशी त्याची जाहिरात होती. पदकाचे मोल कळावे म्हणून धाकट्याने ते आईच्या नकळत तिथे नेले. जाणकाराने भिंगातून पाहिले, तपासायला म्हणून पडद्यामागे नेले आणि परत देत सांगितले, की हे नकली आहे, यात चांदीसुद्धा नाही. धाकट्याने ते पुन्हा नीट बघितलेही नाही. फडक्यात गुंडाळून घरी आणले आणि गप्प राहिला.

जाणकाराने कारंजा केव्हाच सोडले होते. मी खबऱ्यांना कामाला लावले. वाशीमच्या एका ऑटोवाल्याने कळवले, की तसाच माणूस स्टेशनकडच्या लॉजवर आलाय आणि लोक पिशव्या घेऊन त्याच्याकडे जातायत. मी ओळखीच्या माजी सैनिकाकडून त्याच्या घरातले तसेच जुने पदक मागून आणले. दोन पंचांसमक्ष कडेवरचा नंबर लिहून घेतला, वाशीम शहराच्या पोलिसांना कल्पना दिली आणि आमच्या हवालदाराला साध्या वेशात पाठवले. दोन्ही पंच गिऱ्हाईक बनून तिथेच बसले.

अपेक्षेप्रमाणे पदक पडद्यामागे गेले, बाहेर आले, नकली ठरले. हवालदाराने कडेवर नख फिरवले आणि खिडकीत येऊन ठरलेली खूण म्हणून टोपी काढली. आम्ही आत शिरलो.

पडद्यामागच्या सुटकेसमध्ये ओतीव नकला खच्चून भरल्या होत्या. तळाशी खरा माल होता. हवालदाराचे पदक तिथेच सापडले, आणि त्याच्याखाली आणखी एक. मी ते उजेडात धरले. जबाबातले नाव कडेवर स्पष्ट कोरलेले होते.

जाणकाराचा पहिला पवित्रा ठरलेला होता: ही पदके मुंबईत विकत घेतली, अशी कितीतरी मिळतात. मी त्याला इतकेच विचारले, की चोरीचा माल लपवायचा होता, तर नाव घासून का टाकले नाहीस? तो चिडला. माझ्या अडाणीपणाचीच त्याला कीव आली असावी.

"नाव घासलं तर नुसती चांदी उरते, साहेब. नावालाच तर किंमत आहे."

माल चोरीचा असल्याचे आपणच कबूल केले, हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आले. त्यानंतर तो फारसा लढला नाही. त्याच्या सुटकेसमधून जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांच्या जुन्या चिजा परत मिळाल्या.

न्यायालयाच्या आदेशाने पदक सुपूर्दनाम्यावर सही घेऊन घरच्यांच्या ताब्यात देण्याचा दिवस आला. म्हातारी नवे लुगडे नेसून आली होती. सही-अंगठा झाल्यावर तिने मला नाव मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. मी उभा राहिलो आणि नंबर, नाव, पलटण एका दमात वाचली. माझ्याकडून कोणताही हुकूम नव्हता, तरी ठाण्यातला प्रत्येक जण उठून सावधान उभा राहिला. हवालदाराने सॅल्यूट ठोकला. म्हातारीने पदक थोरल्याकडे दिले आणि ते भावाच्या छातीला लावायला सांगितले.  पिन लावून झाल्यावर थोरल्याने भावाला जी मिठी मारली, ती बराच वेळ सुटली नाही.

पुढच्या जयंतीला मला गावातून बोलावणे आले. मिरवणुकीच्या अग्रभागी धाकटा चालत होता, छातीवर पदक. थोरला पाहुण्यांना थांबवून थांबवून कडेवरचे नाव वाचायला लावत होता.

चौकशीत माणूस गप्प बसला की तो स्वतःला वाचवतोय, असे पोलिसाला वाटते. तो कधी कधी घराची इज्जत वाचवत असतो. माझ्या हाताखाली तयार झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी हे सांगत आलो.