दोन दिव्यांमधला रस्ता

दिवेलागणीच्या वेळी आम्ही दोघं स्कूटरवरून माहेराहून परतत होतो. पुढच्या चौफुलीवर उजवीकडे पांढरा उजेड दिसत होता आणि डावीकडे बऱ्याच अंतरावर एक लाल दिवा. मधला रस्ता मोकळा होता. ह्यांनी वेग कमी केला नाही. मला मात्र तो मोकळेपणा खरा वाटेना, कारण लाल दिवा त्या उजेडाच्या मागोमाग सरकत होता.

"थांबा," मी ह्यांचा खांदा दाबला.

थांबलो तेव्हा समोर चार हातांवर काळ्या ताडपत्रीने झाकलेला लांबलचक ट्रेलर आडवा होता. आम्हाला बघून ड्रायव्हरही थांबला.

"बाजूचे पिवळे दिवे कुठे आहेत?" मी विचारलं.

"आहेत की ताई. आरटीओच्या पासिंगपुरते लागले, मग वायर तुटली. पुढचे-मागचे चालू आहेत ना."

लांब गाड्यांच्या कडेला ओळीने दिवे हवेत, हा नियम मला तोवर हौसेचा वाटायचा. मधला अंधार रिकामा नाही, एवढंच ते दिवे सांगत असतात.

आता मोकळा रस्ता दिसला की हेच वेग कमी करतात आणि विचारतात, "खरंच मोकळा आहे का गं?"

दर वेळी मला खात्रीने सांगता येत नाही.